पाच, दोन, लिहा

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. दाराची घंटा दोनदा वाजली. आमच्या रस्त्यावर दोनदा घंटा वाजवणारा माणूस एकच होता. पहिली घंटा कळवण्यासाठी आणि दुसरी खात्रीसाठी, असा त्याचा नियम होता.

दारात मनोहर गजभिये उभे होते. डोक्यावर लोकरीची टोपी, विजार सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला रबरी पट्टी, काखेत निळी फाईल. नमस्कार वगैरे काही नाही.

"परांजपे, उद्या छापखान्यात चाललं पुस्तक," ते म्हणाले. "आज तरी बोलाल काय?"

मी आत जाऊन कोट घातला.

गजभियेंना जाऊन आता चार महिने झाले. जन्म, शिक्षण, नोकरी आणि मृत्यू असा क्रम लावून त्यांच्याविषयी लिहिता येईल, परंतु त्या क्रमात ते कोठेही दिसणार नाहीत. ते दिसायचे एकाच जागी: आमच्या गावच्या क्रीडागृहात, मैदानाच्या मध्यरेषेसमोरील लांब टेबलामागे, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर. त्यांच्या उजवीकडची खुर्ची माझी होती. बावीस वर्षे मी त्यांना बहुतांशी एका बाजूनेच पाहिले. त्यांचा उजवा कान मला तोंडपाठ आहे.

आमचे गाव ब्रेडा आणि फेल्डहोवन या डच शहरांच्या मधल्या पट्ट्यात आहे. येथे व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ आहे, आणि तो देशातील मोठ्या शहरांच्या संघांना हरवतो, याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. गावाला वाटत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत सुरू झालेला हा संघ आधी हौशी होता, मग अर्धा पगारी झाला, मग पूर्ण. दर तीन-चार वर्षांनी त्याचे नाव बदलते, कारण पैसे देणारी कंपनी बदलते. फर्निचरवाल्याच्या नावाने तो खेळला, बॅटरीवाल्याच्या नावाने खेळला, विमा कंपनीच्या नावाने अजिंक्यपदे जिंकला. गजभियेंनी यांतील एकही नाव कधी उच्चारले नाही. गुणपत्रकावर यजमान संघाला 'अ' आणि पाहुण्यांना 'ब' म्हणतात. गजभियेंच्या तोंडी आमचा संघ म्हणजे 'अ'. "अ ने काल नवा सेंटर खेळाडू आणला," असे ते सांगत. एकदा मी म्हणालो की, परगावी खेळताना आपण 'ब' असतो.

"ते त्यांच्या कागदावर," गजभिये म्हणाले.

आमची ओळख बास्केटबॉलमुळे झाली नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा होती आणि मला घड्याळ व घंटी देऊन बसवले होते. मी पाटबंधाऱ्यांच्या कामातला माणूस. ठरलेल्या पातळीला दरवाजा बंद करणे एवढे मला कळते. स्पर्धा संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहिले. त्यांच्यासाठी पाच मिनिटे ठरली होती. पाच मिनिटे होताच मी घंटी वाजवली. ते हसले आणि पुढे बोलू लागले. मी पुन्हा वाजवली. ते तुकारामांवर आले. मी वाजवत राहिलो. तेवढ्यात त्यांचा आवाजच बंद पडला. कोणीतरी ध्वनिवर्धकाचा खटका खाली केला होता.

जेवणाच्या रांगेत एक उंच, सावळा, सडपातळ मनुष्य हातात वायरची गुंडाळी घेऊन माझ्याजवळ आला.

"गजभिये. नागपूर," तो म्हणाला. "मी गणपतीला हात जोडत नाही, बौद्ध आहे. पण माईक जोडून देतो. तुम्हाला बास्केटबॉल समजते काय?"

"नाही."

"मग ठीक आहे. समजणारे लोक ओरडतात. शनिवारी सहा वाजता या."

मी गेलो. का गेलो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या काळी मला शनिवारी संध्याकाळी विशेष काही काम नसे.

टेबलाचे काम बाहेरून सोपे दिसते. कागदावर दोन्ही संघांसाठी आकड्यांचे उभे रकाने छापलेले असतात. चेंडू कडीतून खाली आला की, तो टाकणाऱ्याचा क्रमांक त्या त्या आकड्याशेजारी लिहायचा आणि आकड्यावर तिरकी रेघ मारायची. पहिल्या व तिसऱ्या सत्रात लाल शाई, दुसऱ्या व चौथ्या सत्रात निळी. शेवटी पंच सही करतात, आणि त्यानंतर त्या कागदाला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही. अडचण एकच. लिहिणाऱ्याला लिहिताना मान खाली घालावी लागते, आणि खेळ त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून शेजारी मान वर ठेवणारा एक माणूस लागतो.

गजभियेंनी यासाठी एक रीत बसवली होती. मी पाहायचे आणि बोलायचे: "सात, दोन." म्हणजे सात क्रमांकाच्या खेळाडूचे दोन गुण. ते परत म्हणणार: "सात, दोन." मी म्हणणार: "लिहा." त्यानंतरच पेन कागदाला टेकणार. संपूर्ण सामनाभर, प्रत्येक गुणाला, मराठीत. डच लोकांना वाटायचे, आम्ही मंत्र म्हणतो. एका पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाने तर तक्रार केली की, टेबलावरचे दोन भारतीय त्याच्या खेळाडूंविषयी काहीतरी बोलत आहेत. पंचांनी विचारले. गजभियेंनी एका वाक्यात भाषांतर करून दिले. पंच म्हणाले, चालू द्या.

दुसऱ्या एका प्रशिक्षकाने टेबलावर मूठ आपटून विचारले होते, "तुम्ही आंधळे आहात का?" गजभियेंनी शांतपणे पेनाला टोपण लावले, कारण पेन उघडे ठेवून बोलणे त्यांना मान्य नव्हते, आणि माझ्याकडे बोट दाखवले. "डोळे यांच्याकडे आहेत," ते सावकाश डचमध्ये म्हणाले. "माझ्याकडे फक्त पेन आहे. आता त्याने तुमचा फाऊल लिहितो."

या रीतीचे मूळ मला त्यांनी एकदाच सांगितले. नागपूरला त्यांच्या वस्तीत सिमेंटचे एक मैदान होते आणि त्यावर एक खांब. खांबावर कडी होती, जाळी नव्हती. "जाळी नसली ना जी, की बॉल आतून गेला का बाहेरून, हे कोणालेच सांगता येत नाही. रोज भांडण. मारामाऱ्या. मग आम्ही दोघं पोरं बाजूला उभी करायचो. दोघांनी सारखं म्हटलं तर गुण, नाही तर नाही. एकानं पाह्यलेलं खोटं असू शकते. दोघांनी पाह्यलेलं खोटं असणं कठीण." पुढे ते फेल्डहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात मोजमापाच्या विभागात लागले आणि तीस वर्षे केसाच्या जाडीहून कित्येक पटींनी सूक्ष्म अशा गोष्टी मोजत राहिले. तेथेही प्रत्येक माप दोनदा घ्यायचे, असे ते सांगत. मला वाटते, कारखान्याने त्यांना काही नवीन शिकवले नाही.

ही सवय टेबलापुरती राहिली नव्हती. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने, गोळी सांगितली की गजभिये ती परत म्हणून दाखवत आणि डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत खुर्ची सोडत नसत. भाजीवाल्याला, टपालवाल्याला, खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीतल्या बाईलाही त्यांनी हेच वळण लावले होते. त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मीठ संपलं!" बाहेरून उत्तर यायचे, "मीठ संपलं." वहिनी म्हणायच्या, "लिहा!" आणि मग मला सांगायच्या, "भाऊजी, चाळीस वर्षांत यांनी माझं ऐकलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवते हा माणूस. आणते मात्र काहीच नाही."

"साखर आणली ना परवा," गजभिये म्हणायचे.

"मी मीठ म्हटलं होतं."

"तुम्ही 'लिहा' म्हटलं नव्हतं."

वहिनी गेल्या त्या दिवशी दवाखान्यातील डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले. मी तेथे होतो. गजभिये काही परत म्हणाले नाहीत. त्यांना तसे पाहण्याची ती माझी पहिली वेळ.

आता त्या सामन्याविषयी लिहिले पाहिजे. वीस वर्षे मी ते टाळले.

संघाने पहिले अजिंक्यपद जिंकले तो मे महिन्यातील रविवार होता. दुपारचा सामना. क्रीडागृहात जागा नव्हती. अग्निशमनवाल्यांनी दारे लावून घेतली होती आणि लोक बाहेर काचांना नाक लावून उभे होते. शेवटच्या काही सेकंदांत 'अ' एका गुणाने मागे होता. आमच्या बारा क्रमांकाच्या खेळाडूने, त्या अमेरिकन तारणहाराने, चेंडू टाकला. चेंडू कडीवर आदळून वर उडाला. त्याखाली चार हात वर गेले. त्यांतील एका हाताच्या बोटांनी चेंडू अलगद ढकलला आणि तो आत पडला. भोंगा वाजला. आम्ही एका गुणाने जिंकलो.

तो हात पाच क्रमांकाचा होता. पाच म्हणजे केस नावाचा गडी. आठवडाभर गावात नळजोडणीची कामे करणारा, संघातला एकमेव गावचा माणूस. तो भरवशाचा होता, प्रसिद्ध नव्हता. बारा क्रमांकही त्याच वेळी हवेत होता, पण त्याचा हात चेंडूपासून वीतभर दूर राहिला. हे गजभियेंना दिसणे शक्य नव्हते, कारण राखीव खेळाडू उठून त्यांच्या समोर आले होते. मला दिसले. अगदी स्वच्छ दिसले.

माझे काम त्या क्षणी दोन शब्दांचे होते.

मी ते बोललो नाही. मी उभा राहिलो होतो. दोन्ही हात वर करून मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला माहीत नाही. टेबलावरच्या माणसाने टाळी वाजवायची नसते, हसायचे नसते. नियमाने त्याला बाजू नसते. दोन वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो. माझ्या घरच्यांनी मला ओरडताना कधी ऐकलेले नाही. गजभियेंनी माझी बाही ओढली आणि विचारले, "बारा, दोन?" त्यांनी रीत सोडली नाही. मी त्यांच्याकडे न पाहता, शब्द कानात न घेता म्हणालो, "लिहा."

त्यांनी लिहिले. पंचांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची घंटा दोनदा वाजली. स्थानिक वाहिनीने सामन्याचे चित्रीकरण दाखवले होते.

"पाच होता," गजभिये म्हणाले.

"हो."

"तुम्ही पाह्यलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं काऊन नाही?"

मी चहा ठेवायला वळलो. ते मग "बरं" म्हणाले, चहा प्यायले आणि सायकलने क्लबच्या कचेरीत गेले. तेथे त्यांनी सांगितले की, शेवटचा गुण चुकीच्या नावावर गेला आहे आणि चूक लिहिणाऱ्याची आहे. माझे नाव त्यांनी घेतले नाही. कचेरीने सांगितले की, सही झालेला कागद बदलत नाही, आणि नाही तरी आपण जिंकलोच आहोत. तोवर बारा क्रमांकाचे भले मोठे छायाचित्र छापायला गेलेही होते. ते आजही प्रवेशद्वाराशी आहे. बारा क्रमांक पुढच्याच वर्षी दुसऱ्या देशात खेळायला गेला. त्याला विचारले असते तर त्याने खरे सांगितले असते, असे मला वाटते. कोणी विचारले नाही.

कचेरीतले हे बोलणे मला काही महिन्यांनी दुसऱ्यांकडून कळले. गजभियेंनी स्वतः एकच गोष्ट केली. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला ते सायकलच्या सामानाचा एक लांब पट्टा घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्या खुर्चीला बांधला. "परांजपे, पट्टा लावा," ते म्हणाले. "विमान सुटून राहिलं." टेबलावरच्या डच मंडळींना विनोद कळला नाही. मी पट्टा लावला. पुढची सगळी वर्षे तो त्या खुर्चीला होता. संघ पुढे अनेकदा अजिंक्य झाला. मी पुन्हा कधी उठलो नाही.

क्लबची पन्नाशी आली तेव्हा इतिहासाचे पुस्तक काढायचे ठरले. लिहायला गजभियेंवाचून दुसरा कोण होता? घरच्या प्रत्येक सामन्याच्या पत्रकाची गुलाबी नक्कल त्यांच्या माळ्यावर वर्षावार रचलेली होती. ते रोज सकाळी चार तास लिहीत, डचमध्ये, शाळकरी सुबक अक्षरात. जुन्या खेळाडूंच्या भेटी घेत. प्रत्येकाचे म्हणणे त्याला परत म्हणून दाखवत.

केस आता शुश्रूषागृहात होता. हात थरथरायचे, बोलणे सावकाश, परंतु डोके शाबूत. गजभिये त्याला भेटून आले ते थेट माझ्याकडे. हे गेल्या जुलैमधले. त्यांनी सांगितले, "केस म्हणते, काय लिहायचं ते लिही. पण त्याची मुलगी त्याले रोज सुधारून राहिली. तो नर्सले सांगते, शेवटचा बॉल मी टाकला. मुलगी म्हणते, बाबा, तो बारा नंबर होता, भिंतीवर फोटो आहे. मग तो गप बसते. तिले वाटते, बापाचं डोकं चाललं."

"चित्रीकरण असेल," मी म्हणालो.

"वाहिनी बंद पडली. टेप कुठंच नाही. मी मारिएतला सांगितलं." मारिएत म्हणजे पुस्तक समितीची अध्यक्ष, निवृत्त ग्रंथपाल, कागदावाचून कशावरही विश्वास न ठेवणारी बाई. "ती म्हणाली, तुझ्याच हातानं बारा लिहिलं आहे. आता तू पाच म्हणतोस. दुसऱ्या कोणी पाह्यलं असेल तर त्याची सही आण."

एवढे सांगून ते थांबले. मला त्यांनी सही मागितली नाही. ही त्यांची पद्धत होती. मी बोलल्याशिवाय ते कधीच लिहीत नसत.

मी म्हणालो, "पाहू."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. आम्ही शेजारी बसून नव्या हंगामाचे सामने लिहिले. सही करायची तर कारण लिहावे लागणार होते: मी पाहिले, मी बोललो नाही, आणि का बोललो नाही. गावात मला लोक ज्या एका गोष्टीसाठी ओळखतात, ती म्हणजे हा मनुष्य जागचा हलत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याजवळ तेवढेच होते. गजभियेंनी विषय काढला नाही. फक्त माझ्या सायकलच्या मागच्या चाकावरून ते बोलत. त्या चाकातली हवा नेहमी कमी असते. "परांजपे, आयुष्यभर नद्यांचं पाणी अडवलं तुम्ही. चाकातली हवा अडवता येत नाही काय?"

आता त्या रविवारी परत येतो.

आम्ही सायकलने निघालो. वारा समोरून होता. कालव्याच्या पुलावर गजभिये उतरले आणि सायकल हाताने चढावर ढकलू लागले. पूर्वी ते उतरत नसत. मीही उतरलो. "घाई नाही," ते म्हणाले, जणू मीच दमलो होतो.

केस खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. मुलगी, अनेके, त्याच्यासाठी सफरचंद कापत होती. गजभियेंनी निळ्या फाईलमधून पुस्तकाचे छापील कच्चे पान काढले, पहिल्या अजिंक्यपदाचे, आणि टेबलावर ठेवले. लाल पेन काढले. टोपण काढले नाही.

केस पान पाहून म्हणाला, "शेवटचा मी टाकला."

"बाबा," अनेके हळूच म्हणाली. ती प्रेमळ बाई आहे. आवाजात जराही चीड नव्हती. "तो बारा नंबर होता. बघा, इथे छापलंय सुद्धा."

केस गप्प बसला. गजभिये माझ्याकडे बघत नव्हते. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी मान खाली घातली होती आणि उजवा कान माझ्याकडे केला होता.

मी डचमध्ये म्हणालो, "पाच होता. मी पाहिले. माझ्या आणि कडीच्या मध्ये कोणी नव्हते. मी ते सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, कारण मी उभा राहून ओरडत होतो. गजभियेंनी विचारले तेव्हा न ऐकता मी 'लिहा' म्हणालो. चूक यांची नाही. चूक माझी आहे."

अनेकेच्या हातातली सुरी थांबली. तिने वडिलांकडे पाहिले.

केस मात्र हसत होता. थरथरता हात उचलून त्याने माझ्याकडे रोखला.

"मी तुला पाहिलं होतं," तो म्हणाला.

"केव्हा?"

"तेव्हाच. मला धक्का बसला आणि मी पाठीवर पडलो. वर सगळे अंगावर. कडी दिसत नव्हती. चेंडू आत गेला की नाही, मला माहीत नव्हतं. फक्त टेबल दिसत होतं, लोकांच्या पायांमधून. आणि तू उभा होतास. मी म्हटलं, अरे, हा माणूस तर कधीच उठत नाही." तो श्वास घेण्यासाठी थांबला. "म्हणजे गेला. तुझ्यामुळे कळलं मला."

मी खुर्ची ओढून बसलो.

अनेके खुर्चीजवळ खाली बसली आणि वडिलांच्या गुडघ्यावर तिने डोके टेकले. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

गजभिये वाट पाहत होते. रीत पूर्ण झाली नव्हती.

"पाच, दोन," मी मराठीत म्हणालो.

"पाच, दोन," ते म्हणाले.

"लिहा."

त्यांनी टोपण काढले. छापील बारावर तिरकी रेघ मारली, समासात पाच लिहिले, आणि खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. सही करताना माझे अक्षर नेहमीसारखे आले नाही. गजभियेंनी ते पाहिले असणार. त्यांचे लक्ष नाही अशी गोष्ट नव्हती.

पान दुपारी क्रीडागृहात मारिएतच्या हातात दिले. तिने दोन्ही सह्या चष्मा लावून तपासल्या. "वीस वर्षं लागली तुम्हाला?" तिने मला विचारले. मी हो म्हणालो. "मग तेही छापते," ती म्हणाली आणि तिने ते छापले. पुस्तक नोव्हेंबरात आले. त्या पानावर पाच आहे, तळटीपेत माझे नाव आहे, आणि मी उभा होतो हेही आहे. गावात काही जणांनी मला त्यावरून थांबवून हात मिळवला. मला ते अपेक्षित नव्हते. केस अजून आहे. पुस्तक त्याच्या उशाशी असते आणि अनेके आता नव्या नर्सना स्वतःच ती गोष्ट सांगते. प्रवेशद्वाराशी छायाचित्र बाराचेच आहे. ते उतरवावे असे कोणाला वाटत नाही, केसलाही नाही.

जानेवारीत एका सकाळी गजभियेंचे हृदय थांबले. त्यांच्या अंत्यविधीला बौद्ध वंदना झाली, मग संघाच्या कर्णधाराने दोन शब्द सांगितले. ते दोन मिनिटांत संपले. गजभियेंना आवडले असते.

त्या रविवारनंतर त्यांच्या छातीने त्यांना टेबलावर येऊ दिले नाही. डॉक्टरने घरी बसायला सांगितले. त्यांनी ते परत म्हणून दाखवले आणि या वेळी पाळलेही. म्हणून पान दिल्यावर त्याच दुपारी आम्ही लिहिलेला सामना आमचा शेवटचा. तो सामान्य सामना होता. 'अ' सहज जिंकला. मी पट्टा लावला होता. मध्यंतरात त्यांनी थर्मासमधला चहा टोपणात ओतून मला दिला आणि विचारले, "का जी, मोकळं वाटून राहिलं काय?"

"कागद पुढे घ्या," मी म्हणालो. "तिसरे सत्र. लाल शाई."

"तिसरे सत्र, लाल शाई," ते म्हणाले, आणि त्यांचा उजवा कान हसल्यासारखा मागे सरकला.

सामन्यानंतर त्यांनी रिकाम्या रकान्यांवर पट्टीने रेघा मारल्या, पंचांची सही घेतली, गुलाबी नक्कल फाडून घडी केली. आम्ही बाहेर आलो. अजून उजेड होता. सायकलींच्या रांगेत माझे मागचे चाक बसलेले होते. गजभियेंनी पाहिले, नद्यांविषयी या वेळी काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या सायकलच्या दांडीचा पंप सोडवला, खाली बसले, माझ्या चाकात हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिली, आणि मग पुन्हा एकदा दाबून पाहिली.